फेटाळलेल्या अपिलाचं लॅमिनेशन

सरकारविरुद्ध हरून इतका खूश झालेला माणूस मी एकच पाहिला. तेलुगू मुलखात, नामपल्लीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात तो म्हातारा गृहस्थ माझ्यापुढे उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. हातातला कागद फुंकर मारमारून साफ करणं चाललं होतं. मला फोनवर मराठीत बोलताना ऐकून ते वळलेच. "आपले दिसता! बघा, अपील फेटाळलं माझं," म्हणाले, पेढे वाटावेत तशा चेहऱ्याने.

भानगड नावाची होती. तेलुगू रिवाजात घराण्याचं नाव आधी येतं, तेही बहुधा आद्याक्षरापुरतं. नोकरीला लागताना कारकुनाने यांचं मराठी नावही तसंच वाचलं. आडनावच त्यांचं नाव ठरवलं, आणि खरं नाव नुसतं एक अक्षर होऊन पुढे चिकटलं. निवृत्त झाल्यावर ते दुरुस्तीसाठी भांडायला उभे राहिले. फार उशीर केलात म्हणून अर्ज फेटाळला गेला, मग अपीलही.

"मग लॅमिनेशन कशाला, काका?"

त्यांनी हुकमाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे अपील करणाऱ्याचं नाव, त्यांनी अपिलात लिहिलं होतं तसंच, पूर्ण छापलं होतं, मराठी क्रमाने. सरकारी कागदावर पहिल्यांदाच.

"नोकरी त्या उलट्या नावाच्या माणसानं केली, बढती त्यानंच खाल्ली, पेन्शन बी त्यालाच येती," गरम लॅमिनेशन पंख्याखाली हलवत ते म्हणाले. "पण हा जो हरलाय ना, हौ, तो मीच!"