वाकडी स्ट्रिप

नवी यंत्रणा चांगली आहे, हे आधी सांगून टाकते. नाही तर पुढचं वाचून कुणाला वाटेल, ही बाई जुन्यालाच कवटाळून बसली आहे. नवं रडार विमान लवकर दाखवतं, दोन विमानं जवळ यायच्या बेतात असली तर पडद्यावर आपणहून इशारा देतं, आणि जिला आम्ही स्ट्रिप म्हणायचो ती कागदाची पट्टीही आता पडद्यावरच असते. नियंत्रण कक्षात बसणारी म्हणून मला हे सगळं आवडतं. रागावायला कुणी सापडत नाही, याचाच मला राग येतो.

जुन्या पद्धतीत प्रत्येक विमानाची माहिती लिहिलेली एक स्ट्रिप असे. प्लॅस्टिकच्या खाचेत अडकवून ती समोरच्या उतरत्या फळीवर एकाखाली एक लावायची. एखाद्या विमानाला थांबायला सांगितलं, त्याचं काही काम राहिलं, की त्याची स्ट्रिप ओळीतून जरा बाहेर ओढून वाकडी ठेवायची. काम झालं की सरळ. हे मला सरांनी शिकवलं. सर आमच्या कक्षातले जुने नियंत्रक, गोव्यातल्या पेडण्याचे, माझ्याहून बरेच मोठे. सकाळच्या ड्युटीला येताना पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव सगळ्यांसाठी आणायचे, आणि मी डिचोलीच्या खाणपट्ट्यातली म्हणून मला 'खाणीवरची' म्हणून चिडवायचे.

ड्युटी बदलताना आमच्यात एक रीत होती. उठणाऱ्याने प्रत्येक वाकड्या स्ट्रिपवर बोट ठेवून काय राहिलंय ते सांगायचं. बसायला आलेल्याने 'घेतली' म्हणायचं. तो शब्द ऐकल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, मग बस चुको की जेवण थंड होवो. सुरुवातीला एकदा मी नुसती मान हलवली, तर सर बसूनच राहिले.

"मान नको हालवू गो. तोंडान सांग."

नवी यंत्रणा आली तेव्हा काही महिने दोन्ही शेजारी शेजारी चालल्या. विमानं जुन्यावर सांभाळायची, नवीवर फक्त ताडून बघायचं. सराव वेगळ्या खोलीत, खोट्या विमानांवर. शिकवणाऱ्यांत माझी निवड झाली आणि सर माझ्याच वाट्याला आले. सरावात पास झाले तरच त्यांना नव्या पडद्यासमोर बसता येणार होतं, नाही तर खुर्ची सुटणार होती. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो.

बटणं त्यांना जड गेली नाहीत. हात नडला. विमानाला थांबायला सांगितलं की त्यांचा उजवा हात टेबलाच्या कडेला जायचा, जिथे फळी असायची. तिथे काही नसायचं. हात रिकामा परत यायचा आणि तेवढ्यात ते विमान त्यांच्या मनातून निसटायचं. पडद्यावर त्याचा रंग बदललेला असायचा, पण इतकी वर्षं सरांनी आठवण बोटांनी ठेवली होती. एका दुपारी एक खोटं विमान असंच घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आल्याचा निरोप आला तेव्हा त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या रिकाम्या स्ट्रिपा टेबलाच्या कडेला मांडल्या. म्हटलं, करा वाकड्या, कोण बघतंय. सराव अगदी स्वच्छ पार पडला. मी खूश. मला वाटलं, जिंकलो. सरांनी सगळ्या स्ट्रिपा गोळा करून माझ्या पुढ्यात ठेवल्या.

"तू बघलंस मां? पट्टी बघताना माजी नजर पडद्यावरसून सुटता. हय खोटी इमानां आसत. थय खरी माणसां बसतली. माका बसव नको. तसाच सांग वर."

मी भांडले त्यांच्याशी. हट्टी म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. ते ऐकून घेत राहिले. शेवटी त्यांनी सांगितलं तेच मी वर कळवलं, आणि घरी येऊन जेवले नाही.

खाणी बंद पडल्या तेव्हा सुर्ल्याच्या वाटेवर खनिज घेऊन धावणारा बाबांचा ट्रक अंगणात उभा राहिला होता. बाबा रोज कुणाला तरी शिव्या द्यायचे आणि त्यांना जरा बरं वाटायचं. सरांनी कुणालाच शिवी दिली नाही. त्यांना खालच्या मजल्यावर कागदपत्रांचं काम मिळणार होतं. फक्त उंडे आणायचे बंद झाले.

जुनी यंत्रणा बंद करायच्या दिवशी शेवटची ड्युटी सरांनी मागून घेतली. एकेक विमान नव्या पडद्याकडे सोपवलं गेलं आणि फळी रिकामी होत गेली. वायरी काढायला आलेला तंत्रज्ञ मागे उभा होता. मी सरांजवळ गेले तर फळीवर एक स्ट्रिप राहिली होती, कोरी, आणि वाकडी. सरांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"ही एक रवली. माणसां सुखरूप उतरवची. माका जमला तितक्या मी केलंय. आता तू बघ."

मला रडू आलं. मी मान हलवली. सर हलले नाहीत. मी बोलले नाही तर ते उठणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून थोडा वेळ मी बोललेच नाही. त्यांचं बोट स्ट्रिपवरच होतं. मागे तंत्रज्ञ खाकरला.

"घेतली," मी म्हटलं, आणि सर खुर्चीतून उठले.