मामेसासऱ्यांनी लावलेलं कुलूप

आमच्या लग्नाची डीव्हीडी मी टूथपेस्टने घासली. ती मध्येच अडकत होती, आणि टूथपेस्टने चरे जातात असं मी कुठंतरी वाचलं होतं. चरे गेले नाहीत, वाढले. डिस्कला पुदिन्याचा वास मात्र झकास आला. हे कळल्यावर बायकोने डिस्क माझ्या हातातून काढून घेतली. तिने सरळ खामगावला फोन लावला, तिच्या मामाला.

या माझ्या मामेसासऱ्यांइतका बूड न टेकणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. लग्नांचं शूटिंग करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि एकही लग्न त्यांनी बसून पाहिलं नाही. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी तर्जनीत एखादी डिस्क अजून गरगर फिरत असते. जेवायला बसवलं तर ताट उचलून खिडकीच्या उजेडात तिरकं धरतील, चरे पाहतील, मगच भाजी घेतील. बीबी गावात एका सोयऱ्यांच्या घरी त्यांनी हे केलं तेव्हा घरच्या नव्या सुनेने घाबरून साऱ्या पंगतीची ताटं पुन्हा घासून आणली. मामांना मात्र आपण काही केलं याचा पत्ताच नव्हता. ते एव्हाना हातात भाकरी घेऊन अंगणात फेऱ्या मारत होते.

त्यांचं एक मोठं दुःख होतं. लोक त्यांच्याकडून एकच डिस्क घ्यायचे आणि कॉप्या काढून भावकीत वाटायचे. म्हणून ते कॉपी होऊ न देणाऱ्या कुलपांच्या मागे लागले. "सिनेमावाल्यायचं कुलूप लई बेरकी," ते मला सांगायचे. "चावी डिस्कच्या अशा कोपऱ्यात लपवते, का कोऱ्या डिस्कवर तो कोपरा पयलेच बुजवेल असते. चावीच उतरत नाही, त कॉपी कायची चालते?" तसली यंत्रणा खामगावात मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःची काढली. "प्लेअर म्हणजे एसटी, जावईबापू. पाटीवर जे गाव असन तिथंच जाते. कॉपी करणारा कॉम्प्युटर म्हणजे मतदारयादीवाला, हरेक दार वाजवते. म्या एका गल्लीत खड्डे करून ठेवले. एसटी तिकडे फिरकतच नाही. हा जाते अन् पडते!" एवढं सांगेपर्यंत ते तीनदा उठून बसलेले असायचे. आमच्या लग्नाच्या डिस्कलाही त्यांनी हेच कुलूप लावलं होतं. घरचं लग्न असलं तरी तत्त्व म्हणजे तत्त्व.

मामा सकाळच्या गाडीने आले, पिशवीत लॅपटॉप आणि जुना ड्राइव्ह घेऊन. डिस्क पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "गोल काऊन घासलं तुमी? मधातून बाहीर सरळ पुसा लागते! आडवा चरा त प्लेअर एका क्षणात वलांडते, तेवढं त्याचं गणित भरून काढते. तुमी त रस्त्याच्या लांबीनंच नांगर घातला!"

एरवी मी हसलो असतो. पण माझे सासरे गेल्या वर्षी गेले. कॅमेरा दिसला की ते मांडवामागे पळायचे, त्यामुळे त्यांचा आवाज साऱ्या जगात फक्त या डिस्कवर, एका वाक्यापुरता उरला होता. मूळ कॅसेटवर मामांनी काटकसर म्हणून पुढच्या सीझनची लग्नं चढवली होती. बायकोला ते एक वाक्य मोबाईलमध्ये हवं होतं.

मामांनी कॉपी लावली. कॉम्प्युटर थोडा गुरगुरला आणि नेमका त्यांच्या खड्ड्यांच्या गल्लीत जाऊन गप्प झाला. मामा आनंदाने उडालेच. "पाह्यलं? नाही खोलत! कसं लावलं कुलूप?" मग त्यांना भाचीचं तोंड दिसलं. त्यानंतर ते ओट्यावरून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून ओट्यावर असे फिरत राहिले, की आमची मांजर घाबरून कपाटावर जाऊन बसली.

"मामा, टीव्हीवर लावा," शेवटी बायको म्हणाली. "हे मोबाईल धरतीन समोर."

"हे त चोट्ट्याचं काम झालं, बाई."

"मंग चोरा."

पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. मी टीव्हीसमोर मोबाईल धरून बसलो. माझी मंगलाष्टकं चौकोनी तुकड्यांत फुटत पुढे सरकली. पंगतीत चित्र थांबलं, हललं, आणि सासरे आले, एका हातात बुंदीचं ताट, दुसरा डोळ्यांवर आडवा. "अबे, माह्या तोंडावरचा लाईट काढ! नवरदेव तिकडे आहे, मी का पाहाची गोष्ट आहो?"

तेव्हा त्यांना कोणी उत्तर दिलेलं नव्हतं, नुसता मामांचा कॅमेरा खाली झुकला होता. आज मामा खाटेवर बसले होते. नीट, पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून.

"काढतो, भाऊजी," ते हळूच म्हणाले.

अजून एकदा घ्यावं म्हणून डिस्क पुन्हा लावली, तर प्लेअर तिला ओळखच देईना. मामांनी ती खिडकीपाशी धरली, बराच वेळ, आणि फिरवली नाही.

बायकोने मोबाईल कानाला लावून ते वाक्य ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा बोलून राह्यले अन् मांगून फुर्र फुर्र कायचं आहे? तुमचंच नाक ना? रडाचंच होतं, त मोबाईल मामापाशी देऊन बाहीर जाऊन रडाचं होतं!"