एकाच जागी बांधलेली पट्टी

तिसऱ्या डंपरखाली उताणी पडून मी एकटीच हसायला लागले, तेव्हा माझ्या साहेबांना वाटलं मला चक्कर आली. ते मालवणचे. खाली वाकून म्हणाले, "गो बाय, बरी आसस मा?"

बरी काय, मी हवेत होते.

सहायक मोटार वाहन निरीक्षक म्हणून लागून मला तेव्हा चारच महिने झाले होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी तालुक्याच्या शाळेत शिकले, सरकारी वसतिगृहात राहून इंजिनिअर झाले आणि मुलुंडला भाड्याची खोली घेऊन उपनगरातल्या गाड्या तपासायला लागले. खाकी गणवेशातला फोटो गावी पाठवला, तर आईने तो अख्ख्या गल्लीला दाखवून मला फोनवर विचारलं, "ट्रकवाले तुला घाबरतात का गं?" मी हो म्हटलं. खरं तर मीच त्यांना घाबरत होते.

त्या दिवशीचं काम गंभीर होतं. भांडुपला टेकडीवरच्या एका बांधकामावरून राडारोडा घेऊन उतरणाऱ्या डंपरचा ब्रेक लागला नव्हता. ड्रायव्हरने कसाबसा तो वळवून एका सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर घातला. भिंत पडली, पण कुणाला खरचटलंही नाही. ठेकेदाराच्या सुपरवायझरने मात्र लेखी दिलं की चूक चालकाचीच. ड्रायव्हर बीडकडचा, पन्नाशी ओलांडलेला. त्याचं लायसन्स जमा झालं होतं. तपासणीत गाडीचा दोष निघाला तर ते परत मिळणार, नाहीतर कायमचं जाणार. उभ्या आयुष्यात त्याने स्टिअरिंगशिवाय काही धरलं नव्हतं.

डंपर मानखुर्दच्या यार्डात आणून ठेवला होता. बघते तर लग्नाला निघाल्यासारखा! टायरसुद्धा घासून काळेभोर केलेले, समोर झेंडूची माळ.

"सरकारी माणसं येणार म्हणून पहाटेपासून धुतोय, मॅडम," ड्रायव्हर म्हणाला.

जड गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. पेडल दाबलं की टाकीतली हवा पाइपातून चाकापर्यंत जाते आणि चाक धरते. पाइपाला भोक असेल तर हवा फुस्स, आणि ब्रेकही फुस्स. भोक शोधायची रीत अगदी सोपी. एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने गाडीखाली जाऊन ब्रशने पाइपांना साबणाचं पाणी लावायचं. हवा सुटत असेल तिथे फुगा येतो. चाकांना ठोकळे लावून मी आत शिरले. साहेब वरून पेडल दाबत राहिले. मी सगळे पाइप साबणाने माखले, पण एक फुगा येईल तर शपथ.

"बघा! ब्रेक झकास आहेत," सुपरवायझर म्हणाला. "लिहा साहेब, ड्रायव्हरचीच चूक."

ड्रायव्हर आपल्या चपलांकडे बघत उभा राहिला.

आणि मला आमच्या शाळेतला महाराष्ट्राचा नकाशा आठवला. शाळा तपासायला अधिकारी येणार म्हटलं की सर तो नकाशा भिंतीतल्या भोकावर टांगायचे. अधिकारी नकाशाचं कौतुक करून जायचे. मग थंडीत त्या भोकातून वारा यायचा, नागपूर फडफडायचं आणि मागच्या रांगेत आम्ही कुडकुडायचो. सर वाईट नव्हते. पाहुण्याला घरातलं भोक दाखवू नये, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मी ड्रायव्हरला बाजूला घेतलं. "काका, आमच्या शाळेत भोकावर नकाशा होता. तुम्ही काय टांगलंय?"

तो आधी नाही नाही म्हणाला. मग नागपूर कसं फडफडायचं ते ऐकून हसला आणि गाडीखाली सरकला. मागच्या चाकाजवळ, आडोशाला, पाइपावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली होती. वरून चिखल फासला होता. एवढ्या धुतलेल्या गाडीवर तेवढाच चिखल!

"मेकॅनिक म्हणाला, रबर बांध अन् चालव. त्या दिवशी उतारावर तीच पट्टी सुटली. आता नवी बांधली. म्हटलं, तुम्ही बघाल अन् म्हणाल, गाडी सांभाळता येत नाही."

त्याने पट्टी सोडली, मी ब्रश फिरवला, साहेबांनी पेडल दाबलं. लिंबाएवढा फुगा आला, पेरूएवढा झाला आणि माझ्या नाकावर फुटला.

पण साहेब हसले नाहीत. "एका गाडीचा भोक म्हणजे ड्रायव्हरचोच हलगर्जीपणा," ते म्हणाले. "तेना लपवल्यान तां वेगळाच."

मी पुन्हा नीट पाहिलं. पाइप धरून ठेवणारी लोखंडी क्लिप अशी बसवली होती की दर हादऱ्याला तिची धार पाइपावर घासत होती. अशी क्लिप ड्रायव्हर कशाला बसवेल? यार्डात याच कंपनीचे, याच्याबरोबरच घेतलेले आणखी पाच डंपर उभे होते, त्यांचे ड्रायव्हरही तिथेच घुटमळत होते. मी दुसऱ्याखाली शिरले. तीच क्लिप, तीच जागा, आणि लाल ट्यूबची पट्टी. तिसऱ्याखाली खताच्या पिशवीचं प्लॅस्टिक, वर गजऱ्याचा दोरा. तिथे मला हसू आवरेना.

मी बाहेर येऊन सांगितलं, तसा ड्रायव्हरांत एकच गोंधळ उडाला.

"तुझीपण?"

"आयला, मला वाटलं माझ्याच गाडीला आहे!"

"आणि मला काय सांगत होतास रे? माझी गाडी म्हणजे लोणी!"

"मग तू कुठे बोललास?"

प्रत्येकाने आपापली पट्टी दुसऱ्यापासून लपवली होती! मग सगळे आपणहून पट्ट्या सोडायला लागले. कुणी पेडल दाबतंय, कुणी बादली भरतंय, साहेबांनी माझ्या हातातला ब्रश कधी घेतला ते मला कळलंही नाही. सहाच्या सहा डंपरखाली फुगे! सुपरवायझर फोन कानाला लावून लांब गेला.

अहवालात आम्ही लिहिलं, की दोष मूळच्या बसवणीचा दिसतो; अशा सगळ्या गाड्या तपासाव्यात, गाडी बनवणाऱ्या कंपनीला जाब विचारावा आणि तोवर हे सहा डंपर रस्त्यावर आणू नयेत. ड्रायव्हरने दोष लपवला, हेही साहेबांनी लिहायला लावलं. माझा हात अडला. ते म्हणाले, "लिव. खरा अर्धा लिवचा नसता." काही आठवड्यांनी त्याला लेखी समज मिळाली, आणि लायसन्सही मिळालं.

नवे पाइप, नव्या क्लिपा बसल्यावर भांडुपच्या त्याच उतारावर चाचणी ठरली. मी त्याच्या शेजारी बसले. त्याने पेडल दाबलं, भरलेला डंपर जागच्या जागी थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. सोडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा थांबला. एवढ्यावर चाचणी संपली होती, पण त्याला राहवेना आणि मलाही. दोन पावलं पुढे, थांब. दोन पावलं पुढे, थांब. असे आम्ही अख्खा उतार उतरलो. मागे हॉर्नचा गलका झाला. एका रिक्षावाल्याने बाजूने डोकं काढून विचारलं, "ओ काका, गाडी चालवताय की नाचवताय?"

"थांबवतोय रे बाबा!" काका ओरडले. "बघ, थांबतीय!"