काठमांडूच्या चौकात आत्याबाईंनी घेतलेलं नाव

काठमांडूला जायचं ठरवलं माझ्या सासऱ्यांनी, आणि तेही उसाला पाणी पाजता पाजता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालं होतं. माहेर वाईचं, घाटावर वाढलेली, आणि सासर कराडला लागून असलेलं मलकापूर. आमचे हे सैन्यात, गोरखपूरच्या बाजूला बदली झालेली. त्यांनी कळवलं की आई-आबांना घेऊन ये, इथून नेपाळ जवळ आहे, पशुपतिनाथाचं दर्शन घडवतो. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, फावडं बांधावर टेकवलं आणि म्हणाले, "मिरजंच्या पल्याड आपुन कवा गेलो न्हाई. आता जायाचं तर एकदम परदेशच बघू."

"आन् म्हशींची धार कोन काढंल?" आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं.

"भावकी हाय की. एरवी भांडायला येती, आता धारंला यील."

ठरलं. कराडहून पुणे, पुण्याहून मनमाड, इटारसी, लखनौ असे डबे बदलत आम्ही गोरखपूर गाठलं. आत्याबाईंनी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या एवढ्या बांधल्या होत्या की समोरच्या बाकावरचं अख्खं बिहारी कुटुंब आमच्यात जेवलं. आज कुणी विचारलं की एवढ्या लांब रेल्वेनं काय न्यावं, तर मी अजून तेच सांगते. कडक भाकरी आठवडाभर टिकते आणि ओळखी करून देते.

गोरखपूरला हे रजा घेऊन बरोबर आले. तिथून छोट्या गाडीनं रक्सौल आणि तिथून टांग्यानं हद्द ओलांडून वीरगंज. आपल्या लोकांना तेव्हाही पासपोर्ट लागत नव्हता, आताही लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ ठेवा. आम्हाला कुणी काहीच विचारलं नाही. मामंजींचा हिरमोड झाला. "ह्यो कसला परदेश? नुसती कमान! आपल्या शिवंवर निदान दगडाला शेंदूर तरी असतोय."

वीरगंज ते काठमांडू हा बसचा रस्ता अख्खा दिवस खातो. आमच्या वाईचा पसरणीचा घाट लहानपणापासून चढल्यामुळे मी जरा तोऱ्यात होते. तो तोरा दुपारपर्यंत उतरला. वळणावर वळण, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आत्याबाई लिंबू हुंगत, डोळे मिटून बसल्या होत्या. सगळ्यात उंच जागी बस चहाला थांबली आणि ढग बाजूला झाले. समोर बर्फाच्या डोंगरांची ओळच्या ओळ. मी रडले, खरं सांगते. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भर उन्हात त्यांना चालताफिरता येई, दिवस कलला की मात्र हात धरावा लागे. ते बर्फाकडं तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "पांढरं दिसतंय. लय मोठं पांढरं दिसतंय." त्यांच्या लेकानं त्यांना एकेक शिखर बोटानं हवेत काढून दाखवलं.

काठमांडूत एका धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पशुपतिनाथ. दर्शन शांतपणे झालं. नदीच्या घाटावर बसून मला वाईची आठवण आली आणि आत्याबाईंनी कृष्णेचं नाव घेऊन त्या पाण्यात दोन फुलं सोडली. जेवायला डाळभात. मामंजी भाताचे दोन डोंगर जिरवून म्हणाले, "झालं. आता भाकरी वाढा." तिथलं मातीच्या वाडग्यातलं दही मात्र चुकवू नका, ते त्यांनाही आवडलं.

दुपारी जुन्या राजवाड्यासमोरच्या चौकात गेलो. चौक कसला, देवळांचं गावच. विटांची, लाकडी नक्षीची, एकावर एक छपरं असलेली देवळं, उंच उंच जोत्यांवर. एका जोत्याच्या पायऱ्यांवर गोरे हिप्पी बसलेले, केस खांद्यापर्यंत, अंगात झबली. आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "त्यो पोरगा हाय का पोरगी गं?" मी म्हटलं, मलाही कळत नाही. "देवा, आईबाप कसं सोडत्यात आसल्यांना!"

यांची रजा संपत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची बस मिळालीच पाहिजे, म्हणून हे तिकिटाच्या खिडकीकडं गेले आणि आम्हाला बजावून गेले, "या देवळाच्या पायऱ्या सोडू नका."

आम्ही दोघींनी सोडल्या नाहीत. मामंजींनी सोडल्या. खांद्यावर कावड घेऊन एक शेतकरी समोरून गेला. त्याच्या टोपल्यांत फ्लॉवरचे असे गड्डे होते की ते मोतीबिंदूतूनही दिसले. "आयला, ह्याला खत काय घालत्यात?" एवढं म्हणत मामंजी उठले. आत्याबाई पदर सावरेपर्यंत कावड, गड्डे आणि मामंजी गर्दीत नाहीसे झाले.

आधी आम्ही हसलो. मग चौकाची एक बाजू पाहिली, मग दुसरी. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी भाज्या, पितळेची भांडी, माणसं, सायकली, आणि मामंजींचा पांढरा पटका कुठंच नाही. दोन गल्ल्या आत गेलो तर आमचीच वाट चुकली. सगळी छपरं सारखी, सगळ्या विटा सारख्या. विचारायचं तर कुणाला आणि कुठल्या भाषेत? कशाबशा परत त्या हिप्पींच्या पायऱ्यांशी आलो तेव्हा ऊन देवळांच्या छपरांवर चढलं होतं. मामंजींना हिंदी येत नाही, धर्मशाळेचं नाव ठाऊक नाही आणि आणखी तासाभरात त्यांना पायाखालचंही दिसणार नव्हतं. आत्याबाई प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी "आवं, आवं" करत होत्या. मधेच मंगळसूत्राचे मणी चाचपत होत्या.

कोपऱ्यावर एक पोलीस होता, तरुण, हसऱ्या तोंडाचा. त्याला मोडकं हिंदी येत होतं. मी सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "बूढ़े बाबा का नाम?"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघू लागलो.

आजच्या मुलींना हसू येईल. पण नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही आणि सासऱ्याचं सुनेनं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत होती. आत्याबाई तर मारुतीच्या देवळालासुद्धा 'शेंदऱ्या देवाचं देऊळ' म्हणत. पोलिसानं पुन्हा विचारलं. मी मॅट्रिक झालेली, तरी जीभ उचलेना. शेवटी त्याच्याजवळ सरकून हळूच म्हटलं, "मारुतराव." आत्याबाईंनी तोंड फिरवलं, जणू काही ऐकलंच नाही.

पोलीस भला माणूस. तोंडाला हात लावून "मारुतराओ! मारुतराओ!" करत त्यानं सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. मी आशेनं बघत होते. तो एकटाच परत आला आणि मान हलवली. मला रडू फुटलं.

आत्याबाई मात्र एकाएकी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आगं बया! पोलिसाच्या तोंडून नाव ऐकल्यावर ते ओ देतील व्हय? गावात पोलीस दिसला तरी बिनकामाचं उसात शिरत्यात. हितं तर परमुलूख. बसलं असतील कुटंतरी दडून!"

"मग तुम्ही मारा हाक."

"मारली की मगाधरनं. आवं, आवं म्हनून घसा बसला."

"या गर्दीत 'आवं' कुणाला ऐकू जातंय? नावानं मारा."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी चौकात लुगडं सोडायला सांगितलं होतं. मग मावळतीकडं पाहिलं. ऊन आता फक्त कळसांवर उरलं होतं.

"नुसतं कसं घिऊ?" त्या पुटपुटल्या. "उखाण्यात घेती."

पदर डोक्यावरून घेतला, कासोटा घट्ट केला आणि माझ्या सासूबाई हिप्पींच्या मधून वाट काढत त्या जोत्याच्या अगदी वरच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर जत तालुक्यातलं, कोरड्या माळावरचं. मेंढरं राखत, ज्वारीतली पाखरं हाकलत त्या वाढल्या होत्या. तो आवाज सासरी आल्यावर त्यांनी उंबऱ्याच्या आत ठेवून दिला होता. मी तो तोवर कधी ऐकलाच नव्हता. त्या दिवशी काठमांडूनं ऐकला.

"देवळावर देऊळ, वर सोन्याचा कळस,
मारुतरावांचं नाव घ्याया मला कसला आळस!"

छपरांवरची कबुतरं उडाली. सायकलवाले थांबले. एक हिप्पी ताडकन उठून बसला. आणि त्याच देवळाच्या मागच्या बाजूनं, एका दगडी मूर्तीच्या आडून, आवाज आला, "ओ! हितं हाय गं, हितं!"

काखेत फ्लॉवरचा गड्डा, हातानं भिंत चाचपत मामंजी बाहेर आले. लोकांनी वाट करून दिली. आत्याबाई त्या उंच पायऱ्या एका दमात उतरल्या आणि भर चौकात त्यांचा हात धरला. घरात कधी चार माणसांत जवळ न बसणारी बाई. डोळ्यांतून धारा आणि तोंडानं दांडपट्टा. "गड्ड्यापायी जीव घ्यायचा व्हता का माझा? पोलीस हाक मारत हुता तर ओ द्यायला काय धाड भरली हुती?"

"परत पायऱ्यांशी आलो तर पोलीस नावानं वरडतुया. मला वाटलं, गड्डा कायद्याबाहीर हाय," मामंजी म्हणाले. मग जरा थांबून, अगदी साळसूदपणे, "काय म्हनलीस मगाशी? मला नीट ऐकाय आलं न्हाई. परत घे की."

भाषा कुणालाच कळली नसावी, पण सगळा चौक हसला. पोलिसानं सलाम ठोकला, हिप्पींनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. आयुष्यात मी कुठल्याही जिंकण्याला एवढ्या मनापासून टाळ्या वाजवलेल्या नाहीत. हे तिकिटं घेऊन आले तेव्हा विचारू लागले, एवढी गर्दी कसली? आत्याबाई डोळे पुसून म्हणाल्या, "काय न्हाई. तुज्या आबानी भाजी आणली."

गड्डा धर्मशाळेच्या चुलीवर शिजवला. चव बरी होती, पण आपल्या मातीतली नव्हती, असा मामंजींचा निकाल. सकाळची बस मिळाली आणि हे वेळेत छावणीत हजर झाले.

पुढं मी बरीच फिरले. घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन लांब निघालेल्यांना माझं सांगणं एकच. पोहोचताच चुकल्यावर भेटायची जागा ठरवा, मुक्कामाचं नाव प्रत्येकाच्या खिशात घाला आणि मोबाइलच्या भरवशावर राहू नका. आणि म्हातारे अडचण होतील म्हणून त्यांना घरी ठेवू नका. माझ्या लेखी नेपाळ म्हणजे आधी त्या पायऱ्या आणि मग बर्फ.

घरी आल्यावर मामंजींना एक नवाच रोग जडला. आत्याबाईंनी "आवं, ऐकलं का" म्हणून बोलावलं की त्यांना ऐकूच येईना. माझं "मामंजी" बरोबर ऐकू यायचं, भावकीची कुजबुजसुद्धा यायची. आत्याबाई चिडायच्या, आणि शेवटी त्यांना बोलवायला मलाच बाहेरच्या सोप्यात पाठवायच्या.

एका दुपारी मी परसात भांडी घासत होते. आतून आत्याबाईंचा आवाज आला, "आवं, ऐकलं का? जेवायला चला." उत्तर नाही. पुन्हा एकदा. उत्तर नाही. मग त्यांनी परसदारात येऊन माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून परात जोरजोरात घासू लागले. त्या आत गेल्या. आणि मग अगदी हळू, उखाणा नाही की काही नाही,

"मारुतराव."

"ओ," मामंजी म्हणाले आणि जेवायला उठले.