आधीच टाकलेलं पाकीट

केडगावात चर्चच्या मंडळींपैकी कुणाला ताप भरला की आधी प्रार्थनेसाठी कडूबाई साळवेला फोन जायचा, मग डॉक्टरला. बाई तीस वर्षं दवाखान्यात आया होती. आधीची तीन भावंडं दगावली म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं. स्वभावानं कडू नव्हती. खात्री मात्र नको तेवढी. देव काय करणार, हे हिला देवाच्या आधी ठाऊक!

शेजारच्या राहीबाईचा थोरला मुलगा काविळीनं गेला, तेव्हा मातीवरून परतताना ही सरळ म्हणाली, "राही, तुझा विश्वास कमी पडला बघ." राहीबाईनं त्या दिवसापासून नऊ वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं. योग्यच केलं.

मग कडूबाईच्या लीनाला, पस्तिशीतल्या एकुलत्या एक लेकीला, रक्ताचा कॅन्सर निघाला.

चर्चमध्ये रीत अशी, की नोकरी लागली, बाळ झालं, आजार बरा झाला की दानाच्या पाकिटावर कारण लिहून ते थैलीत टाकायचं. पाळकसाहेब उपासनेत ते वाचून दाखवतात. कडूबाईनं पाकिटावर लिहिलं, 'लीनाला पूर्ण बरं केल्याबद्दल'. लीना तेव्हा दवाखान्यातच होती.

"अगं, आधी घरी तर येऊ दे तिला," नवरा पुंजाराम म्हणाला.

"तुमी गप बसा. आधी आभार मानले की देवाला मागं फिरता येत न्हाई."

पाळकसाहेबांनी वाचलं, मंडळींनी आमेन म्हटलं. लीनाच्या कानावर गेलं, तशी ती पडल्या पडल्या हसली. "आई, आता मी मेले तर तुझी केवढी पंचाईत!"

अकराव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर कडूबाई दर रविवारी चर्चला जायची, मागच्या बाकावर बसायची, पण तोंड उघडायची नाही. ना गीत, ना प्रार्थना. घरीही जेवणाआधी पुंजाराम एकटाच डोळे मिटायचा. फोन यायचे बंद झाले. पाळकसाहेब समजवायला आले, "कडूबाई, देवाची काहीतरी योजना असते..."

"ठाऊक असली तर लिहून द्या. नसली तर चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला.

आठ महिन्यांनी एका दुपारी राहीबाई दारात उभी. तिची सहा वर्षांची नात संस्कृती डेंगीनं अत्यवस्थ होती.

"चल, प्रार्थना कर."

"माझी प्रार्थना कुठं पोचती, राही? बघितलंस न्हवं?"

"पोचती का न्हाई, मला काय ठाऊक! बाकीच्या बाया 'पोरगी बरी होनारच' म्हनून सांगून गेल्या. ते ऐकवत न्हाई मला. तू आता तसलं बोलनार न्हाईस."

कडूबाईनं मान खाली घातली. "त्या दिवशी मी तुला..."

"व्हय, बोललीस. लई लागलं. रिक्षा उभी हाय, चप्पल घाल."

दवाखान्यात पोरीच्या दोन्ही हातांना सुया टोचून टोचून काळेनिळे डाग पडले होते. कडूबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला. ओठ हलेनात. राहीबाई शेजारी येऊन उभी राहिली. मग आवाज आला, फुटका.

"देवा, माझी लीना का नेलीस, मला कळलं न्हाई. अजूनबी कळत न्हाई. ह्या पोरीचं तू काय करनार, तेबी ठाऊक न्हाई. रुसून बघितलं, पन तुला सोडून ऱ्हाता येईना. पोरीला वाचव. आन् न्हाई वाचवलीस, तर तिथंबी तिचा हात सोडू नको. लीनाचाबी."

राहीबाई म्हणाली, "आमेन."

बाहेर संस्कृतीच्या आईनं कडूबाईचा पदर धरला. "होईल ना हो बरी, मावशी?"

पूर्वीची कडूबाई असती तर उत्तर तयार होतं.

"ठाऊक न्हाई गं, बाई," ती म्हणाली, आणि तिचा हात हातात घेऊन तिथंच बाकावर बसली.