अक्कांनी आज फ्रेंच बाईला उलटं टांगलं

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितोय. कॉलेज सोडल्यापासून चिकपेटला अक्कांकडे तैलरंग शिकतोय. सध्या एका इंप्रेशनिस्ट चित्रातल्या फ्रेंच बाईची नक्कल चालू आहे.

आज अक्का त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "डोळे परत तुझ्या त्या कॉलेजातल्या वैशालीचेच काढलेस! स्वल्प मूळ चित्राकडं बघ की."

मी ब्रश आपटला. त्यांनी छापील चित्र आणि कॅनव्हास, दोन्ही उलटे लावले. "आता चेहरा विसर. दिसतील ते डाग रंगव."

दुपारभर हिरवे-जांभळे डाग लावले. कॅनव्हास सुलट केला, तर हुबेहूब फ्रेंच बाई! अक्का खूश.

मी नाही. वैशालीचं लग्न ठरलंय. माझ्याकडे तिचा फोटोही नाही; जी काही होती ती त्या चुकलेल्या डोळ्यांतच होती.

तुम्ही असतात, तर कॅनव्हास उलटा करू दिला असतात?