आत्तीच्या फोटोतलं तळं कुणी पुसलं?

उचगावात आमच्या चौकात आज जो फ्लेक्स लागलाय, त्यावरची बाई माझी आत्ती नाही.

नाव तिचं आहे. चेहराही अर्धा तिचा आहे.
खाली "सोशिक, धार्मिक, कुटुंबवत्सल" लिहिलंय आणि त्याखाली आमच्या घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांचे फोटो.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आज तिला जाऊन एक वर्ष झालं. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, माहेरी परत आली, आणि पुढचं सगळं आयुष्य शिरोलीच्या एका फौंड्रीत वाळूचे साचे करत राहिली.

फ्लेक्ससाठी फोटो मीच दिला. चुलतभावाचा मेसेज आला होता, आत्तीचा हसरा एखादा असला तर टाक. मी उदयपूरचा पाठवला. तिचा हसरा फोटो तेवढा एकच आहे.

त्या फोटोत ती होडीत बसलीय. अंगात केशरी लाइफ जॅकेट. डोक्यावरचा पदर वाऱ्याने खांद्यावर आलाय. दोन्ही हातांत नारळ. तोंड उघडं, पुढचा पडलेला दात दिसतोय. मागे नुसतं पाणी.

फ्लेक्सवर जॅकेटच्या जागी पांढरी साडी आहे.
पदर डोक्यावर.
तोंड मिटवलंय.
नारळ नाही.
तळं पुसून तिथे ढग आणि दोन हंस घातलेत.

मी भावाला फोन केला. आधी म्हणाला, डिझायनरने केलं. मग म्हणाला, "ताई, चौकात लोकं बघत्यात. नारळ घेऊन हसणारी विधवा बाई कशी लावायची? थोरल्या आबांनीच सांगितलं बदलायला."

थोरले आबा म्हणजे मोठे काका. बरं झालं, नाव निघालं. आता सगळंच सांगते.

दरवर्षी आम्ही नृसिंहवाडीला जायचो. घरातल्या बायका घाट उतरून नदीची ओटी भरायच्या. आत्ती वरच्या पायरीवर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायची. मी सातवीत असताना विचारलं होतं, आत्ती का येत नाही खाली? आबा म्हणाले, तिचं काम न्हाय ते. आत्ती हातभर अंतरावर होती. तिने माझ्या चपलेचा बंद लावून दिला.

माझे पेपर असले की माझ्या वाटणीची धुणीभांडी उरकून ती कामावर जायची. या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी झाले, ती अशी. हे फ्लेक्सवर नाही.

फौंड्रीत तिच्या टेबलामागे एक जुनं कॅलेंडर होतं, उदयपूरच्या तळ्याचं. वर्ष संपलं तरी तिने ते उतरू दिलं नाही. मला विचारायची, पाण्यात वाडा बांधलाय, मग माणसं आत जात्यात कशी? होडीने, मी सांगायचे.
"मग मला बी होडीतनंच बघायचाय."

मला नोकरी लागल्यावर घरात विषय काढला. आबांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं, तिला फिरवायची कशाला, न्यायचीच तर देवाला ने.

मी भांडले नाही. तिकडच्याच श्रीनाथजीच्या दर्शनाला जातो असं सांगून तिला उदयपूरला नेलं. दर्शन घेतलं, एक दुपार. बाकीचे तीन दिवस तळं. एवढं शिकून खोटं बोलले, याची लाज अजून जात नाही.

पिछोला तळ्याच्या काठावर उभी राहून म्हणाली, "आपल्या रंकाळ्यागतच हाय की."

होडी मध्यावर आली आणि तिने पिशवीतून खण आणि नारळ काढला. कोल्हापुरातून आणलेला, मलाही न सांगता. होडीवाला हिंदीत ओरडला, पाण्यात काही टाकायचं नाही. मला वाटलं, झालं, आता ही सगळं परत पिशवीत ठेवणार.

तिने वाकून खण-नारळ पाण्याला टेकवला. परत घेतला. आणि हसायला लागली.

फोटो तेव्हाचा आहे.

काठाला लागल्यावर तिने पायरीवर तो नारळ फोडला आणि होडीतल्या सगळ्यांना वाटला. ओरडणाऱ्या होडीवाल्याला मोठा तुकडा.

मी विचारलं, वाडीला कधी हट्ट का नाही केलास?
"हितं मला कुणी वळकत न्हाय," ती म्हणाली. "लई बरं वाटतंय."

आबा, तुम्ही ही पोस्ट वाचणार, नाहीतर कुणीतरी वाचून दाखवणार. ती सोशिक नव्हती. तिला सोसायला तुम्ही लावलंत. आपल्या नदीची ओटी भरायला मिळाली नाही, म्हणून ती परक्या मुलखात जाऊन तळ्याची भरून आली. जिवंतपणी तिला पायरीवर बसवलंत, आणि आता मेल्यावर तिच्या हातातला नारळही काढून घेतलात.

मघाशी आईने खरा फोटो बघायला मागितला. वाडीला ओटी भरणाऱ्यांत आईही असायची, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. मोबाईल डोळ्यांजवळ धरून तिने खूप वेळ बघितलं.

"ह्या आमच्या वन्सं," म्हणाली. "चौकात कोण बाई लावलीया?"

आणि शेजारी शिडी मागायला गेली.

तेव्हा भावाला निरोप: तू उतरव, नाहीतर चहा झाला की आम्ही दोघी येतोय.

खरा फोटो खाली टाकलाय. कुणी कापू नका.

आत्ती, जिथे असशील तिथे पाणी असो.
आणि तिथेही तुला कुणी ओळखत नसो.